कामगारांची वर्गणी आणि राज्याची करनीती

करव्यवस्था आणि कामगार संघटना यांचा परस्परांशी काही निकटचा संबंध असू शकतो, हे आपल्याकडे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. संघटना म्हटली की सभा, मोर्चे, संप आणि करार डोळ्यांपुढे उभे राहतात. कर म्हटला की अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे आठवतात. वस्तुतः प्रत्येक संघटनेच्या मुळाशी एक अगदी साधा पैशाचा व्यवहार असतो. सभासद आपल्या पगारातून दरमहा वा दरसाल काही रक्कम काढून देतो. या वर्गणीवर कार्यालयाचे भाडे भागते, पूर्णवेळ कार्यकर्त्याचा चरितार्थ चालतो, न्यायालयातील दाव्याचा खर्च निघतो आणि संपाच्या दिवसांत काही घरांची चूल पेटती राहते. वर्गणी आटली की संघटना नावापुरती उरते.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनला ना सभासदांची नोंदवही होती, ना निधी, ना लेखी नियम. लोखंड्यांच्या निष्ठेवर आणि ‘दीनबंधू’च्या बळावर ती उभी होती. १८९७ मध्ये लोखंडे निवर्तले आणि ती चळवळही त्यांच्यामागे टिकली नाही. कर्तबगार पुढारी चळवळ उभी करू शकतो; ती टिकवण्याचे काम वर्गणीच करते. म्हणून ही वर्गणी देणे सोपे करावे की अवघड, याविषयी राज्याचे धोरण काय असावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

एका वादाचे दोन खर्च

एखाद्या कारखान्यात वेतनवाढीचा वाद उपस्थित झाला आहे, असे समजू. मालकपक्ष नामांकित वकील देतो, कामगारविषयक सल्लागार नेमतो आणि उद्योजकांच्या मंडळाचा सभासद या नात्याने त्या मंडळाचा सल्लाही घेतो. वकिलाचे शुल्क, सल्लागाराचे मानधन आणि मंडळाची वार्षिक वर्गणी हे तिन्ही खर्च धंद्याचा खर्च म्हणून हिशेबात धरले जातात आणि कर आकारण्यापूर्वी नफ्यातून वजा होतात. म्हणजे मालकाच्या प्रत्येक रुपयाच्या खर्चातील काही पैशांचा भार सरकारी तिजोरी उचलते.

त्याच वादात दुसऱ्या बाजूला उभा असलेला कामगार आपल्या युनियनची वर्गणी देतो ती कर भरून उरलेल्या पगारातून. १९६१ च्या आयकर कायद्याने पगारदाराला प्रमाणित वजावट दिली, व्यवसाय कराची वजावट दिली. युनियनच्या वर्गणीची मात्र दिली नाही. गंमत अशी की, नोंदणीकृत युनियनला ठेवींवर मिळणारे व्याज किंवा इमारतीचे भाडे याच कायद्याच्या दहाव्या कलमाने करमुक्त ठेवले. राजकीय पक्षाला धनादेशाने दिलेली देणगी तर जुन्या करपद्धतीत पूर्णपणे वजा करून मिळते. एवंच, युनियनचे उत्पन्न करमुक्त, पक्षाची देणगी करमुक्त, मालकाच्या मंडळाची वर्गणी करमुक्त; करपात्र राहिली ती फक्त कामगाराची वर्गणी. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने भाषा सुबोध केली, पण हा तोल होता तसाच ठेवला.

करसवलतीचा विषय निघाला की, ‘मालक-कामगारांच्या वादात सरकारने तटस्थ राहावे’ हा आक्षेप हमखास घेतला जातो. तत्त्व म्हणून तो मान्य करावयास हरकत नाही. तथापि आजचा कर तटस्थ आहे काय, हे आधी तपासावयास हवे. तराजूच्या एका पारड्यात वजन आधीच टाकलेले असेल, तर हात न लावणे याला तटस्थता म्हणता येणार नाही.

सवलतीला आणखी एक आधार आहे. युनियनने केलेल्या कराराचा लाभ सभासदाला मिळतो तसाच वर्गणी न देणाऱ्यालाही मिळतो. वेतनवाढ झाली की ती सर्वांनाच होते. शाळेत, बँकेत वा सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या वाचकांना याचा अनुभव असेलच. वर्षानुवर्षे सभेला न फिरकणारा सहकारी वेतन आयोगाची थकबाकी मात्र सर्वांच्या आधी मोजून घेतो. आयत्या बिळावरचे हे नागोबा वाढले की बीळ खणणाऱ्यांचा उत्साह मावळतो. ज्या कामाचा लाभ सर्वांना होतो, पण खर्च मोजक्यांनाच सोसावा लागतो, ते काम समाजात नेहमीच गरजेपेक्षा कमी होते. म्हणून त्याला सार्वजनिक निधीतून थोडा हातभार लावावा, हे अर्थशास्त्राचे जुनेच सूत्र आहे.

नॉर्वे आणि स्वीडन यांचा अनुभव

हे सूत्र व्यवहारात कसे उतरते, हे पाहण्यासाठी उत्तर युरोपाकडे वळावे लागते. नॉर्वेत युनियनची वर्गणी एका मर्यादेपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. उजव्या आघाडीच्या राजवटीत ही मर्यादा अनेक वर्षे ३,८५० क्रोनरवर गोठवलेली होती. २०२१ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि त्याने ती २०२२ मध्ये ५,८०० व २०२३ मध्ये ७,७०० क्रोनरपर्यंत, म्हणजे नेमकी दुप्पट केली. तेथील सर्वसाधारण आयकराचा दर २२ टक्के. त्यामुळे २०२३ मध्ये पूर्ण मर्यादेइतकी वर्गणी देणाऱ्या कामगाराचे वर्षाकाठी सुमारे १,७०० क्रोनर वाचत होते. बार्थ, ब्रायसन आणि डाले-ओल्सेन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २०१२ या काळातील नॉर्वेच्या कंपन्यांचा अभ्यास करताना याच सवलतीतील चढउतारांचा आधार घेतला. सवलतीमुळे वर्गणीचा खरा भार बदलला की सभासदसंख्या बदलते, आणि ज्या कंपन्यांत अशा रीतीने सभासदांचे प्रमाण वाढले तेथे वेतनाबरोबर उत्पादकताही वाढली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. संघटना आली की कारखाना बुडाला, असे मानणाऱ्यांनी तो अवश्य विचारात घ्यावा.

स्वीडनचा अनुभव याच्या उलट दिशेचा असला, तरी तो तेच सांगतो. तेथे बेकारी विम्याचे निधी युनियनांशी संलग्न आहेत. त्यामुळे युनियनचे सभासदत्व आणि विमा या गोष्टी कामगाराच्या मनात एकत्र नांदत आल्या. युनियनच्या वर्गणीवर २५ टक्क्यांची आणि विम्याच्या हप्त्यावर ४० टक्क्यांची करसवलत होती. २००६ मध्ये निवडून आलेल्या राइनफेल्ट यांच्या सरकारने २००७ च्या प्रारंभी या दोन्ही सवलती रद्द केल्या आणि विम्याचे हप्तेही बऱ्याच प्रमाणात वाढवले. २००६ मध्ये ७७ टक्के पगारदार युनियनचे सभासद होते. २००८ मध्ये ते ७१ टक्क्यांवर आले. यात हप्तेवाढीचा वाटा मोठा होता हे खरे. पण ज्या देशात संघटना हा सामाजिक जीवनाचा कणाच मानला जातो, तेथेही दोन वर्षांत इतकी गळती होऊ शकते हे लक्षणीय आहे. पुढे १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची सवलत पुन्हा सुरू झाली आणि १ एप्रिल २०१९ पासून पुन्हा बंद पडली. ती अवघे नऊ महिने टिकली.

या अनुभवाला दोन बाजू आहेत. करसवलतीने सभासदसंख्येत फरक पडतो, ही एक. परंतु जी सवलत एक सरकार देते ती दुसरे सरकार काढून घेते, ही दुसरी. सवलतीवर विसंबलेली संघटना ही परक्याच्या खांबाला टेकलेल्या वेलीसारखी असते. खांब हलला की वेल खाली येते.

अमेरिकेतील अपुरा प्रयोग

अमेरिकेत हा प्रश्न अधिक उघडपणे लढवला गेला. १९५० च्या दशकात तेथील सुमारे एक तृतीयांश कामगार संघटित होते. २०२३ मध्ये खासगी क्षेत्रात हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले होते. २०१७ च्या करकायद्याने युनियनच्या वर्गणीची जी काही मर्यादित वजावट मिळत असे तीही २०१८ पासून थांबवली आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमचीच बंद झाली. मात्र युनियन होऊ नये म्हणून कंपन्या जे खास सल्लागार नेमतात, त्यांचे मानधन धंद्याचा खर्च म्हणून वजा होतच राहिले. युनियन करणाऱ्याला सवलत नाही आणि युनियन मोडणाऱ्याला आहे, हा विरोधाभास तेथील काही लोकप्रतिनिधींनी विधेयक मांडून चव्हाट्यावर आणला. पण त्याचा कायदा होऊ शकला नाही.

२०२१ मध्ये बायडेन यांच्या पक्षाने याहून धाडसी योजना पुढे केली. विजेवर चालणारी मोटार घेणाऱ्याला ७,५०० डॉलरची करसवलत होतीच. युनियनचा करार असलेल्या अमेरिकन कारखान्यात मोटार तयार झाली असेल तर आणखी ४,५०० डॉलर द्यावेत, अशी ती योजना होती. त्याच विधेयकात युनियनच्या वर्गणीसाठी २५० डॉलरपर्यंतची वजावटही सुचवली होती. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रतिनिधीगृहाने विधेयक संमत केले. तथापि टेस्ला, टोयोटा, होंडा या युनियन नसलेल्या कंपन्यांनी कडाडून विरोध केला, शेजारच्या कॅनडाने व्यापारी करारभंगाची तक्रार मांडली आणि सिनेटमध्ये सत्तारूढ पक्षाचेच एक सभासद जो मँचिन यांनी आपला पाठिंबा नाकारला. २०२२ मध्ये जो कायदा झाला त्यात युनियनचा उल्लेख गाळला गेला. त्याऐवजी स्वच्छ ऊर्जेचे प्रकल्प उभारणाऱ्यांनी त्या भागातील प्रचलित वेतन दिले आणि शिकाऊ उमेदवार घेतले, तर मूळ ६ टक्क्यांची सवलत पाचपट, म्हणजे ३० टक्के व्हावी, अशी तरतूद करण्यात आली.

यानंतरचा भाग अधिक बोधप्रद आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये डेट्रॉइटच्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांत संप झाला आणि सुमारे सहा आठवड्यांत कामगारांनी साडेचार वर्षांच्या करारात मूळ वेतनात २५ टक्क्यांची वाढ मिळवली. या विजयाची वार्ता दक्षिणेकडच्या कारखान्यांतही पोहोचली. टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथील फोक्सवॅगनच्या कारखान्यात २०१४ आणि २०१९ मध्ये युनियन मतदानात हरली होती. एप्रिल २०२४ मध्ये तेथेच २,६२८ विरुद्ध ९८५ मतांनी युनियन निवडून आली. ४,५०० डॉलरची सवलत जे घडवणार होती, ते सवलतीवाचून घडले. संघटनेची खरी जाहिरात तिच्या यशातच असते. कर वाटेतला अडसर दूर करू शकेल, पण वाट चालण्याचे काम कामगारांनाच करावे लागते.

आपल्याकडे काय लागू पडेल?

हे सारे वाचून कोणी म्हणेल की, आपणही युनियनच्या वर्गणीवर वजावट द्यावी. न्यायाच्या दृष्टीने ही मागणी योग्यच आहे. पण तिच्याने फार काही साधेल, अशा भ्रमात राहू नये. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच पडत नाही. कारखान्यातल्या, दुकानातल्या, गोदामातल्या बहुसंख्य कामगारांचे उत्पन्न या मर्यादेच्या कितीतरी खाली असते. ज्याला कर भरावा लागत नाही त्याला वजावट देणे म्हणजे अनवाणी माणसाला बुटाचे पॉलिश देण्यासारखे आहे. या सवलतीचा लाभ झालाच, तर तो वरिष्ठ बँक कर्मचाऱ्यांना, प्राध्यापकांना आणि अधिकाऱ्यांच्या संघटनांना होईल. म्हणजे जे आधीच संघटित आहेत त्यांनाच.

म्हणून आपल्याकडे करनीतीचा उपयोग करावयाचा, तर तो मालकाच्या बाजूने करावा लागेल. उद्योगांना आपण सवलती देतोच. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणि नव्या कारखान्यांसाठी १५ टक्क्यांवर आणला गेला. त्या बदल्यात कामगारांविषयी एकही अट घातली गेली नाही. वास्तविक अशी अट घालण्याची परंपरा आपल्या कायद्यात आहे. नव्या नोकऱ्यांच्या वाढीव वेतनखर्चावर ३० टक्क्यांची जादा वजावट देणारे ८० जेजेएए हे कलम १९९८ मध्ये आले, तेव्हा कंत्राटी आणि नैमित्तिक कामगार त्यात धरता येत नसत. महाराष्ट्र शासनाच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेचा लाभ घेणाऱ्या उद्योगांवर ८० टक्के स्थानिकांना नोकऱ्या देण्याची अट आहे. नोकरी कोणाला द्यावी हे सवलतीच्या बदल्यात सांगता येते, तर नोकरीला लागलेल्या माणसांशी वाटाघाटी करून लेखी करार करावा, एवढे का सांगता येऊ नये? ज्या कारखान्यात कामगारांनी निवडलेल्या संघटनेशी झालेला आणि मुदत न संपलेला करार आहे, त्याला सवलतीचा पूर्ण दर. नाही त्याला कमी दर. सरकारी तिजोरीवर यायचा भार त्यामुळे वाढत नाही, फक्त आजच्याच खर्चाला हेतू मिळतो.

महाराष्ट्राला हा विचार परका वाटू नये. पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची कपात दाखवणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये आला, तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. नोकरदारांच्या करातून दुष्काळी भागातल्या मजुराला काम, असा तो सरळ हिशेब होता. त्याआधी १९६९ मध्ये झालेल्या माथाडी कायद्याने तर मालक आणि हमाल या दोघांचीही मंडळाकडे नोंदणी केली आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मालकाकडून घेण्याची व्यवस्था केली. या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पगार, बोनस, वैद्यकीय मदत देता आली. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली पाठीवर ओझे वाहणारा माणूस संघटित झाला, त्यात या लेव्हीचा आधार फार मोठा होता. असंघटितांसाठी वजावटीपेक्षा असा उपकर कितीतरी उपयुक्त ठरतो. याच न्यायाने १९७६ मध्ये विडी कामगारांच्या कल्याणासाठी उपकर बसवण्यात आला होता. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ मध्ये, तो रद्द झाला. सोलापूर आणि सिन्नर येथे घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या दवाखान्यासाठी आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी जो हक्काचा निधी होता, तो आता अर्थसंकल्पाच्या मर्जीवर राहिला. करसुधारणेच्या उत्साहात या गोष्टीची फारशी कोणी दखल घेतली नाही.

१९८२ चा इशारा

तथापि सवलतीला करार जोडताना एका धोक्याची जाणीव ठेवावीच लागेल. ज्या दिवशी ‘संघटना असेल तर कर कमी’ असा नियम होईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मालकाच्या खिशातल्या युनियन उगवू लागतील. व्यवस्थापनाने निवडलेले पदाधिकारी, व्यवस्थापनाने लिहिलेला करार आणि वर्षअखेरीस करसवलत, असा हा स्वस्त सौदा होईल.

राज्याने मानलेली संघटना आणि कामगारांनी मानलेली संघटना या भिन्न झाल्या की काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी धंद्यात ‘प्रातिनिधिक’ ठरलेल्या संघटनेलाच वाटाघाटींचा अधिकार दिला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले ते दत्ता सामंत यांच्यामागे. कायद्याच्या दप्तरी मात्र प्रतिनिधी होता राष्ट्रीय मिल मजदूर संघ. तो कायदा रद्द व्हावा ही संपाची एक प्रमुख मागणी होती. सरकारने सामंतांशी बोलणी करण्याचे नाकारले. कायद्याचा शब्द राखला गेला, आणि गिरणगाव राहिले नाही. त्या संपाच्या अपयशाला इतर कारणेही होती; परंतु प्रतिनिधी कोण, या साध्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधण्याची वाट कायद्याने बंद केली होती, हे विसरता येत नाही.

म्हणून सवलतीची अट कशाला जोडावी, याला फार महत्त्व आहे. ती युनियनच्या अस्तित्वाला किंवा नोंदवहीतल्या आकड्यांना जोडू नये. कामगारांच्या गुप्त मतदानाने निवडलेल्या संघटनेने केलेला करार, आणि तो करारही कामगारांच्या मताने मंजूर झालेला, एवढीच कसोटी असावी. कंत्राटी कामगारांनाही त्या मतदानात स्थान हवे. अन्यथा कायम कामगारांच्या एका लहान गटाशी करार करून उरलेल्यांना वाऱ्यावर सोडण्याचा मार्ग मालकाला मोकळा राहील. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने मालकाने युनियनवर वर्चस्व ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. असे घडल्याचे सिद्ध झाल्यास दिलेली सवलत व्याजासह परत घेण्याची तरतूद करावी. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटींचा अधिकार देण्याची कल्पना आहे. तो पाठिंबा मतपेटीतून मोजला जावा, हा आग्रह शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी धरावयास हवा. त्यांनी तो आपल्याच निवडणुकांपासून सुरू केल्यास त्यांच्या शब्दाला अधिक वजन येईल.

कराने संघटना निर्माण होत नाहीत, हे चॅटनूगाने दाखवले. कर प्रतिकूल असेल तर त्या खचतात, हे स्वीडनने दाखवले. आपल्याकडील करव्यवस्था मालकाच्या वकिलाचा खर्च निमूटपणे उचलते आणि कामगाराच्या वर्गणीकडे पाठ फिरवते. ही विषमता दूर करण्यासाठी क्रांतीची आवश्यकता नाही. अर्थसंकल्पातील दोनचार कलमे पुरेशी आहेत. मात्र ती कलमे मागण्यासाठी कोणीतरी उठून उभे राहिले पाहिजे, आणि ते काम ज्यांना आज निर्वेधपणे वर्गणी भरता येते अशा शिक्षक-कारकुनांच्या संघटनांचे आहे. ज्या गोदामात आणि ज्या विडीच्या सुपाशी अजून वर्गणीची पावतीही पोहोचलेली नाही, तेथील माणसे स्वतःहून अर्थमंत्र्यांच्या दारी जातील, ही अपेक्षा करणे योग्य नव्हे.